तुलूझच्या मेट्रोत ऐकू येणारी दुसरी भाषा

प्रश्न नाशिकच्या एका वडिलांचा आहे. मुलगी सप्टेंबरमध्ये विमान अभियांत्रिकी शिकायला फ्रान्समधल्या तुलूझला निघाली आहे. दीड वर्ष फ्रेंचचे क्लास झाले आहेत. तिच्या आधी तिथे गेलेल्या मैत्रिणीने मेट्रोतला एक व्हिडिओ पाठवला, त्यात स्टेशनचं नाव दोनदा पुकारतात आणि दुसऱ्यांदा उच्चार जरा निराळा असतो. रस्त्याच्या पाट्यांवरही दोन-दोन नावं दिसतात. ते विचारतात: ही फ्रेंचचीच बोली की वेगळी भाषा? ती बोलतं कोण? सरकारदरबारी तिला काही स्थान आहे का? आणि मुलीने ती शिकावी का, की फ्रेंचवरच भागेल?

शेवटच्याचं उत्तर आधी देऊन टाकते, म्हणजे जिवाला घोर राहणार नाही. फ्रेंचवर पूर्ण भागेल. कॉलेज, बँक, दवाखाना, घरमालक, सगळीकडे फ्रेंचच. मेट्रोत ऐकू येणारी ती दुसरी भाषा म्हणजे ऑक्सितान. ती न आल्यामुळे तुलूझमध्ये कुणाचं काही अडलं, असं मी एकदाही पाहिलेलं नाही. पण बाकीच्या तीन प्रश्नांच्या पोटात खरा प्रश्न एकच आहे: ही भाषा जिवंत आहे, की नुसती पाटीवर उरली आहे? याला एका शब्दात उत्तर नाही. तुम्ही कुठल्या गावात उभे आहात, समोरच्याचं वय काय, आणि ‘बोलणारा’ म्हणजे कोण असं तुम्ही धरता, यावर ते अवलंबून आहे.

मी सतरा वर्षं इथे राहते. पुण्यात असताना मोडी शिकले होते, इथे आल्यावरही जुनी दफ्तरं वाचण्याच्याच कामात पडले. कुणाला आपल्या घराण्याचा मागोवा घ्यायचा असतो, कुठल्या गावाला आपल्या जमिनीचा इतिहास हवा असतो. ते कागद वाचून मी आजच्या फ्रेंचमध्ये उतरवून देते. पंधराव्या आणि सोळाव्या शतकाच्या सुरुवातीचे यातले पुष्कळ कागद ऑक्सितानमध्ये आहेत. त्यामुळे या भाषेशी माझी ओळख झाली ती कवितेतून नाही, जमीनमहसुलाच्या वह्यांतून झाली.

त्या वह्यांना इथे कुंप्वा म्हणतात. कर जमिनीवर बसायचा, म्हणून कुणाची किती जमीन याची नोंद गावोगाव ठेवत. पहिल्यांदा अशी वही उघडली तेव्हा मला आपल्याकडच्या खरेदीखतातली चतुःसीमा आठवली. एक ‘उस्तल’ म्हणजे घर, एक ‘बिन्यो’ म्हणजे द्राक्षमळा, आणि मग ‘कुन्फ्रुन्तो’ असा शब्द येऊन पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण, कुठली वाट, कुठला ओढा. शेतकऱ्याला वाचून दाखवलं तर त्याला कळावं, अशा भाषेत लिहिलेलं. त्या काळी इथे राज्यकारभाराची, वकिलीची, हिशेबाची भाषा म्हणून ऑक्सितान रोजच्या वापरात होती. एवढं ध्यानात ठेवलं की ‘बोली की भाषा’ हा प्रश्न निम्मा सुटतो.

उरलेला निम्मा मुळाकडे पाहून सुटतो. ऑक्सितान फ्रेंचमधून निघालेली नाही, आणि फ्रेंच-स्पॅनिशची भेसळ तर मुळीच नाही. रोमन साम्राज्याची लॅटिन दक्षिणेत ज्या रीतीने बदलत गेली तिची ऑक्सितान झाली, उत्तरेत वेगळ्या रीतीने बदलली तिची फ्रेंच झाली. दोघी बहिणी. कॅटलान ही ऑक्सितानची सर्वांत जवळची बहीण. मध्ययुगात कॅटलान कवी कविता करायला बसले की सर्रास ऑक्सितानमध्ये लिहीत. लॅटिनमध्ये शेळीला ‘काप्रा’ म्हणत. ऑक्सितानमध्ये त्याचं ‘काब्रो’ झालं, फ्रेंचमध्ये ‘शेव्र’. ‘व्हीता’ म्हणजे आयुष्य, त्याचं इथे ‘बिदो’ झालं, फ्रेंचमध्ये झिजून ‘व्ही’ एवढंच उरलं. फ्रेंचने लॅटिन शब्द फार घासले, ऑक्सितानने मूळ अंग बरंच राखलं. म्हणूनच स्पॅनिश किंवा पोर्तुगीज माणसाला ती फ्रेंचपेक्षा लवकर उमगते.

नावाची गोष्टही सांगण्यासारखी आहे. ‘हो’ म्हणायला दक्षिणेत लॅटिनच्या ‘हॉक’ (म्हणजे ‘हे’) या शब्दापासून ‘ऑक’ आलं. उत्तरेत ‘हॉक इल्ले’पासून ‘ओइल’ आलं, त्याचंच आजचं फ्रेंच ‘वी’. इटलीत ‘सिक’पासून ‘सी’. इटालियन महाकवी दान्तेने चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला भाषांवर जो लॅटिन ग्रंथ लिहायला घेतला, त्यात या तीन होकारांवरूनच तीन भाषांची वाटणी केली. ‘ऑक’वाल्यांची ती ‘लेंगो दॉक’. हे बोलणारे स्वतः आपल्या भाषेला ‘उत्सिता’ म्हणतात, कारण इथे लिहिलेल्या ‘ओ’चा बऱ्याचदा ‘उ’ होतो, शेवटचा ‘न’ गळतो आणि स्त्रीलिंगी शब्दाच्या शेवटचा ‘आ’ ओठ गोल करून ‘ओ’कडे झुकतो. तुलूझला ऑक्सितानमध्ये लिहितात ‘तोलोसा’ आणि म्हणतात ‘तुलूझो’. म्हणजे फ्रेंचांनी शहराच्या नावात जो ‘ऊ’ लावला तो दक्षिणेचा उच्चार ऐकूनच. शेवटचा ‘न’ गळण्याचं माझं आवडतं उदाहरण पावाचं आहे. लॅटिन ‘पानिस’चं पोर्तुगीजमध्ये जे झालं त्याचा आपण पाव केला, तुलूझच्या आसपासचा म्हातारा शेतकरी त्याच शब्दाचा ‘पा’ करतो.

आता ‘बोली’बद्दल. ऑक्सितानच्या पोटात सहा मोठ्या बोली मानतात: तुलूझ-माँपेलिएच्या पट्ट्यातली लांगदोसियाँ, पश्चिमेची गास्कोन, पूर्वेची प्रोव्हान्साल, उत्तरेच्या लिमूझँ आणि ओव्हेर्न्या, आणि आल्प्सकडची व्हिव्हारो-आल्पीन. यांतली गास्कोन सगळ्यांत निराळी. तिच्यात शब्दारंभीचा ‘फ’ जाऊन ‘ह’ येतो: इतरांची ‘फिल्यो’ म्हणजे मुलगी, गास्कोनची ‘हिल्यो’. शिवाय विधान करताना क्रियापदाआधी ‘के’ असं एक अव्यय लावायची तिची खोड आहे, जी दुसऱ्या कुठल्याच बोलीत नाही.

हे ‘के’ ज्यांनी पाहिलं आहे असे मराठी लोक पुष्कळ असतील, फक्त त्यांना ते ठाऊक नसतं. वसई, मुंबई, गोव्याचे भाविक लूर्दला जातात. तुलूझहून आगगाडीने दोनेक तास. तिथे गुहेतल्या मरियामातेच्या मूर्तीखाली एक ओळ कोरली आहे: ‘के सोय एरा इम्माकुलादा कुन्सेप्सिउ’, म्हणजे ‘मी निष्कलंक गर्भधारणा आहे’. आमच्याकडे आलेल्या वसईच्या एका मावशींना मी तिथे घेऊन गेले, तर त्या म्हणाल्या, फ्रेंच आहे ना गं, मग मला काहीच का वाचता येईना? त्यांनी थोडं फ्रेंच शिकलेलं होतं. मी म्हटलं, मावशी, ही फ्रेंच नाहीच. १८५८ साली चौदा वर्षांच्या बेर्नादेत सुबिरूला जे दर्शन झालं, त्यात मरियामाता तिच्याशी तिच्याच भाषेत बोलली, असं तिने सांगितलं. बेर्नादेतला फ्रेंच जेमतेम यायचं, घरची भाषा गास्कोन. म्हणून ते वाक्य जसं तिने सांगितलं तसंच कोरलं. लाखो लोक दरवर्षी त्या ओळीसमोर हात जोडतात. मावशी पुन्हा मागे वळल्या आणि ती ओळ एकेक अक्षर लावत वाचून आल्या.

वाङ्मयाचं म्हणाल तर या भाषेचा ऐन बहर बाराव्या-तेराव्या शतकातला. त्रुबादूर, म्हणजे दरबारांत प्रेमगीतं रचणाऱ्या कवींच्या, अडीच हजारांच्या आसपास रचना आज हाती आहेत, काहींच्या चालींसकट. त्यांतला पहिला ज्ञात कवी आक्वितेनचा सरदार नववा गियोम, जन्म १०७१ चा. कवयित्रीही होत्या, त्यांना त्रोबाइरिस म्हणत. दियाची काउंटेस ही त्यांतली सर्वांत नावाजलेली. दान्तेने आपल्या महाकाव्यात आर्नो दानिएल या त्रुबादूरला बोलायला लावलं, तेव्हा इटालियन बाजूला ठेवून आठ ओळी ऑक्सितानमध्ये घातल्या. ज्या भाषेचा असा मान होता तिला ‘बिघडलेलं फ्रेंच’ म्हणणं हे अज्ञान आहे, आणि ते अज्ञान इथल्या शाळेने पिढ्यान्‌पिढ्या पोसलं.

इथे एक गैरसमज दूर करते, कारण पर्यटकांना हीच कथा सांगितली जाते. १२०९ मध्ये कॅथर या, चर्चने पाखंडी ठरवलेल्या ख्रिस्ती पंथाविरुद्ध धर्मयुद्ध सुरू झालं, बेझिए शहरात कत्तल झाली, वीस वर्षांनी तह झाला आणि १२७१ मध्ये तुलूझचं राज्य फ्रान्सच्या राजाकडे गेलं. त्याबरोबर भाषाही मेली, असं लोक सांगतात. माझ्या टेबलावरचे कागद तसं सांगत नाहीत. राजकीय स्वातंत्र्य गेलं, सरदारांचा आश्रय आटला, कविता रोडावली, हे खरं. पण त्यानंतर दोनशे-अडीचशे वर्षं करवसुली, गावकीचे ठराव, दस्तऐवज ऑक्सितानमध्येच लिहिले जात होते. उलट १३२३ मध्ये तुलूझच्या सात रहिवाशांनी काव्यस्पर्धा भरवायला संस्था काढली, बक्षीस सोन्या-चांदीची फुलं. ती संस्था आजही आहे. तिचाच पुढचा प्रवास पाहा: १६९४ मध्ये चौदाव्या लुईने तिला राजमान्य अकादमी केलं आणि ऑक्सितानला तिच्याच घरात बाहेर बसवलं. पुन्हा आत घ्यायला १८९५ उजाडलं.

खरा बदल कागदावर सोळाव्या शतकात दिसतो. १५३९ च्या व्हिलेर-कोत्रे इथल्या राजाज्ञेने न्यायालयीन आणि सरकारी कागद ‘मातृभाषा फ्रेंच’मध्येच करायचे ठरवलं. रोख मुख्यतः लॅटिनवर होता, पण मार ऑक्सितानलाही बसला. खरं तर शहरातले शहाणे कारकून राजाज्ञेच्या आधीच फ्रेंचकडे वळू लागले होते, कारण बढती तिकडे होती. मी एका लहान गावच्या दस्तलेखकांच्या घराण्याच्या तीन पिढ्यांच्या वह्या वाचल्या आहेत. आजोबांची वही ऑक्सितान आणि लॅटिन. बापाच्या वहीत सुरुवातीचा ठरीव मजकूर फ्रेंच, पण शेत, ओढा, झाड, अवजार आलं की लगेच ऑक्सितान. मुलाच्या वहीत सगळं फ्रेंच, फक्त शेतांची नावं तेवढी जुनी. मोडी वाचताना फार्सी शब्दांचं पाणी चढताना-उतरताना मी असंच पाहिलं होतं. पण एवढं सगळं होऊनही तो मुलगा घरी बायकोशी ऑक्सितानमध्येच बोलत असणार, यात मला शंका नाही. भाषा कागदावरून गेली, तोंडातून जायला आणखी चारशे वर्षं लागली.

ती चारशे वर्षं कशी गेली हे थोडक्यात सांगते. क्रांतीनंतर १७९४ मध्ये धर्मगुरू ग्रेग्वार यांनी क्रांतिकाळच्या संसदेपुढे अहवाल ठेवला. साठ लाख फ्रेंच नागरिकांना राष्ट्रभाषा मुळीच येत नाही, असं त्यांनी सांगितलं. अहवालाच्या शीर्षकातच ‘पात्वा’ नष्ट करण्याची गरज आणि उपाय असे शब्द होते. ‘पात्वा’ म्हणजे गावंढळ बोली, हिणवणारा शब्द. पुढे १८८१-८२ मध्ये शाळा मोफत आणि सक्तीची झाली, ती फक्त फ्रेंचमध्ये. वर्गात कुणी पात्वात बोललं की त्याच्या हाती किंवा गळ्यात लाकडाचा तुकडा, खडाव असं काहीतरी द्यायचे. त्याने दुसऱ्या कुणाला बोलताना पकडलं की ते त्याच्याकडे जायचं. संध्याकाळी ज्याच्याकडे ते राही त्याला शिक्षा. मुलांनीच मुलांवर पहारा ठेवायचा. या सगळ्यातून जे मनात बसलं त्याला ऑक्सितानमध्ये एकच शब्द आहे: ‘व्हेर्गोन्या’, लाज.

माझ्या शेजारी एक आजी राहायच्या, तार्नकडच्या खेड्यातल्या. मी ऑक्सितान शिकते म्हटल्यावर त्या म्हणाल्या, छे, मला ऑक्सितान येत नाही, मला नुसतं पात्वा येतं. दोन्ही एकच, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. टीव्हीवर बोलतात ती भाषा आणि आपण गुरांशी बोलायचो ती भाषा एक कशी असेल? त्यांच्या अंगणात कोंबड्या होत्या. कोंबड्यांना दाणे टाकताना त्या ‘पात्वा’त बोलायच्या, सलग, मायेने, रागाने. दारात नातू आला की त्याच वाक्याच्या मध्ये भाषा फ्रेंच व्हायची. मी एकदा विचारलं, मुलांशी का नाही बोललात? त्या म्हणाल्या, त्यांना शाळेत मार बसू नये म्हणून.

मला विचाराल तर ऑक्सितानची आजची स्थिती यात सगळी आली. म्हणून ‘किती लोक बोलतात’ या प्रश्नापेक्षा ‘कोण कुणाशी बोलतं’ हा प्रश्न मी महत्त्वाचा मानते. २०२० मध्ये ऑक्सितानी, नूव्हेल-आक्वितेन हे दोन प्रांत आणि स्पेनमधलं व्हाल दारान इथे सरकारी पाहणी झाली. त्यात ७ टक्के लोक बोलणारे निघाले, म्हणजे सुमारे ५ लाख ४० हजार. आकडा लहान नाही. पण याच पाहणीत बोलणाऱ्यांचं सरासरी वय ६६ आलं. आजोबा आजोबांशी बोलतात. आई मुलाशी बोलते अशी घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. युनेस्कोच्या धोक्यातल्या भाषांच्या नकाशात सहापैकी चार बोली ‘गंभीर धोक्यात’ आहेत आणि गास्कोन व आल्प्सकडची या दोन त्याहून एक पायरी बऱ्या, त्या यामुळेच. प्रोव्हान्स आणि ओव्हेर्न्य या पाहणीत नव्हते, तेव्हा एकूण आकडा याहून मोठा असणार. वेगवेगळ्या ठिकाणी तुम्हाला फार वेगवेगळे आकडे दिसतील. त्याचं मुख्य कारण, कुणाला बोलणारा धरायचं याची प्रत्येकाची मोजपट्टी निराळी.

आणखी एक जात आहे बोलणाऱ्यांची: नवे बोलणारे. शाळेत किंवा मोठेपणी वर्गात शिकलेले. १९७९-८० च्या सुमारास पो शहरात पहिली ‘कालान्द्रेता’ सुरू झाली. कालान्द्रेता म्हणजे चंडोल पक्ष्याचं पिल्लू. या बालवाड्या-शाळांत सगळं शिक्षण ऑक्सितानमधून चालतं. माझी मुलगी तिथेच शिकली. ती त्या आजींशी ऑक्सितान बोलायला लागली तेव्हा आजी आधी गोंधळल्या, मग म्हणाल्या, ही पोर रेडिओसारखं बोलते. नव्यांचा उच्चार फ्रेंच वळणाचा, शब्द पुस्तकी. जुन्यांना शेतीचे दोनशे शब्द येतात पण ‘संगणक’ येत नाही. दोघांनी एकमेकांना समजून घ्यायला थोडा वेळ लागतो. त्या दोघी बोलू लागल्या, आणि कोंबड्यांच्या जोडीला त्या भाषेत बोलायला आजींना एक माणूस मिळालं. पुढची तीन वर्षं मी हे रोज संध्याकाळी खिडकीतून ऐकलं. म्हणून नवे बोलणारे ‘नकली’ आहेत असं कुणी म्हटलं की मला ते सहन होत नाही.

सरकारी मान्यतेचं उत्तर देशागणिक बदलतं. फ्रान्समध्ये ऑक्सितान राजभाषा नाही. १९५१ च्या देक्सोन कायद्याने तिला शाळेत ऐच्छिक विषयापुरती जागा दिली. १९९२ मध्ये राज्यघटनेत ‘प्रजासत्ताकाची भाषा फ्रेंच आहे’ हे वाक्य घातलं गेलं. युरोपच्या अल्पसंख्य भाषांच्या सनदेवर फ्रान्सने १९९९ मध्ये सही केली, पण ती घटनेच्या आड येते असं घटना परिषदेने ठरवलं आणि सनद आजतागायत लागू झालेली नाही. २००८ मध्ये प्रादेशिक भाषा ‘फ्रान्सच्या वारशाचा भाग’ आहेत असं कलम आलं. वारसा म्हणजे जपायची वस्तू. त्यातून बोलणाऱ्याला हक्क काही मिळत नाही. २०२१ मध्ये संसदेने प्रादेशिक भाषांसाठी कायदा केला, पण संपूर्ण शिक्षण त्या भाषेतून देण्याचं कलम घटना परिषदेने रद्द केलं. कालान्द्रेता बंद पडल्या नाहीत, पण त्या मे महिन्यात शाळेच्या दारात उभे राहिलेल्या आम्हा पालकांचे चेहरे मला आठवतात. गोव्यात कोकणीला १९८७ मध्ये राजभाषा कायदा आणि १९९२ मध्ये आठवी अनुसूची मिळाली. इथल्या माणसाला हे सांगितलं की त्याचे डोळे विस्फारतात.

सीमेपलीकडे चित्र वेगळं. तुलूझमधून वाहणारी गारोन नदी पिरेनीज पर्वतात स्पेनच्या हद्दीत उगम पावते, व्हाल दारान या खोऱ्यात. वस्ती दहा हजारांच्या आसपास. खोऱ्याचं तोंड उत्तरेला फ्रान्सकडे. १९४८ मध्ये बोगदा होईपर्यंत हिवाळ्यात बाकीच्या स्पेनशी संपर्क तुटायचा. त्या एकाकीपणाने भाषा राखली. तिथली आरानेस म्हणजे गास्कोनचीच एक तऱ्हा. लूर्दच्या ओळीतलं ‘एरा’ हे स्त्रीलिंगी उपपद तिथे रोज कानावर पडतं. २००६ पासून ती तिथलीच नव्हे, सगळ्या कातालुन्या प्रांताची राजभाषा आहे. शाळा, कचेऱ्या, पाट्या, सगळीकडे आहे. तरी तिथेही हॉटेलच्या धंद्यात बाहेरून माणसं येतात आणि स्पॅनिशचा जोर वाढतो. नुसत्या कायद्याने सगळं होत नाही, पण तिथल्या दहा वर्षांच्या मुलाला आपल्या भाषेची लाज वाटत नाही, हा फरक मी डोळ्यांनी पाहिला आहे. इटलीत पिएमोंतेच्या पश्चिमेकडच्या खोऱ्यांत ऑक्सितान बोलतात, १९९९ च्या कायद्याने संरक्षणही आहे.

तुमच्या मुलीला गोंधळात टाकणाऱ्या दोन गोष्टी. २०१६ मध्ये दोन जुने प्रांत जोडून ‘ऑक्सितानी’ प्रांत झाला, तुलूझ त्याची राजधानी. पण हा प्रांत म्हणजे ऑक्सितान भाषेचा सगळा मुलूख नव्हे. बोर्दो, लिमोज, मार्सेय, नीस हे सगळे जुने ऑक्सितान प्रदेश त्याच्या बाहेर आहेत, आणि पेर्पिन्याँ आत आहे जिथली मूळ भाषा कॅटलान.

दुसरा गोंधळ लिहिण्याचा. फ्रेदेरिक मिस्त्राल या प्रोव्हान्सच्या कवीने १८५४ मध्ये सहा मित्रांसह ‘फेलिब्रिज’ चळवळ काढली, प्रचंड शब्दकोश केला, १९०४ मध्ये नोबेल मिळवलं आणि ते पैसे आर्लच्या लोकजीवन संग्रहालयात घातले. त्यांच्या परंपरेतलं लेखन कानाला ऐकू येतं तसं, फ्रेंच अक्षरवळणाने. दुसरी पद्धत त्रुबादूरांच्या जुन्या लेखनावर बेतलेली. लुई आलिबेर यांनी १९३५ च्या व्याकरणात ती बसवली. तुलूझमध्ये हीच चालते. तिच्यात ‘ल्य’साठी एल-एच आणि ‘न्य’साठी एन-एच लिहितात. ही जोडाक्षरं पोर्तुगिजांनी मध्ययुगात ऑक्सितानकडूनच उचलली. गोव्यातली कार्व्हाल्यो आणि कुतिन्यो ही आडनावं रोमन लिपीत लिहून पाहा, त्यांत ती बसलेली दिसतील. प्रोव्हान्समधले काही जण आपली भाषा ऑक्सितान नाहीच, स्वतंत्र प्रोव्हान्साल आहे असं ठामपणे म्हणतात. मला ते भाषाशास्त्राने पटत नाही, पण आपल्या गावच्या नावाने भाषेला हाक मारायचा त्यांचा हट्ट समजतो.

तर शिकावी का? पहिलं वर्ष फ्रेंच पक्कं करण्यात घालवू द्या. पण फ्रेंचही इथली शिकायला लागेल. क्लासमध्ये जो अनुनासिक उच्चार शिकवला, तो इथे ‘ङ’ लागून येतो. शब्दाच्या शेवटचा गिळलेला स्वर इथे चांगला ऐकू येतो. चॉकलेट घातलेल्या पावाला पॅरिसमध्ये जे म्हणतात ते इथे म्हटलं तर बेकरीवाली हसून ‘शोकोलातीन’ म्हणून दुरुस्त करते. हाताला काही चिकट लागलं की ‘सा पेग’ म्हणतात. हे ‘पेग’ थेट ऑक्सितानचं. जी भाषा येत नाही असं लोक सांगतात, ती त्यांच्या फ्रेंचमध्ये अशी मुरलेली आहे. खुद्द पॅरिसच्या फ्रेंचमधला मधमाशीचा ‘आबेय’ हा शब्द दक्षिणेकडून गेला. आणि एनसीसीतला आपला ‘कॅडेट’ही मुळात गास्कोन ‘कापदेत’, म्हणजे म्होरक्या. फ्रेंच आणि इंग्रजी फिरून आपल्याकडे पोचला.

दुसऱ्या वर्षी वाटलंच तर संध्याकाळचे वर्ग आहेत, विद्यापीठात ऑक्सितानचा विभाग आहे. लांगदोसियाँपासून सुरुवात करावी. फ्रेंच आणि थोडं स्पॅनिश येत असेल तर सहा महिन्यांत वाचता येतं. ज्यांच्या नावाचं स्टेशन तुलूझच्या मेट्रोत आहे ते समाजवादी पुढारी जाँ जोरेस जवळच्या कास्त्रचे. आपल्याला ऑक्सितान येते म्हणून पोर्तुगीज आणि स्पॅनिश चटकन कळतात, हे त्यांनी १९११ मध्ये लिहिलं आणि शाळांनी मुलांना या भाषेतून तुलना करायला शिकवावं असं मांडलं. अभियंत्याला नोकरीत याचा उपयोग होणार नाही. पण सुट्टीत कुठल्याही खेड्यात उतरल्यावर टेकडीचं, ओढ्याचं, गल्लीचं नाव आपल्याशी बोलू लागेल. एग-मोर्त या गावाच्या नावाचा अर्थ ‘मेलेलं पाणी’, साठलेलं खाजण, हे कळलं की तिथल्या मिठागरांकडे पाहायची नजर बदलते.

दोन गोष्टी मात्र पहिल्या दिवसापासून सांभाळाव्या. स्वतःहून कुणाच्या भाषेला ‘पात्वा’ म्हणू नये, पण म्हाताऱ्या माणसाने स्वतः म्हटलं तर त्याला दुरुस्तही करू नये. आणि फ्रेंचच्या क्लासमध्ये तिला शिकवलं असेल की ‘आद्यो’ म्हणजे कायमचा निरोप. इथे बाजारात कुणी भेटल्याबरोबर ‘अदिउ’ म्हणालं तर दचकू नये. तो नमस्कार आहे, भेटताना आणि निघताना दोन्ही वेळचा, बरोबरीच्यांसाठी. वडीलधाऱ्यांना, जिथे आपण ‘तुम्ही’ म्हणतो तिथे, ‘अदिउसियात्स’. रविवारच्या भाजीबाजारात एखाद्या ऐंशीच्या आजोबांना तिने हा एक शब्द म्हणून पाहावा आणि टोमॅटो घ्यायची घाई करू नये, कारण ते बोलत बसतील.